ठाण, गव्हाण आणि मोरी

राजवाडे पडतात तेव्हा ते एकाएकी पडत नाहीत. त्यांच्या पडण्यालाही एक क्रम असतो, आणि त्या क्रमात पहिला मान बहुधा पागेचा असतो. देवघरात पूजा चालू असते तोवर कोणीतरी तेथे दिवा लावतो, दरबाराचे दालन नव्या अंमलदाराच्या कचेरीस उपयोगी पडते, जामदारखान्याच्या भिंती जाड म्हणून तेथे दप्तर ठेवता येते. परंतु जी इमारत हातावीताच्या हिशेबाने घोड्याच्या अंगावर बेतलेली असते, ती घोडा गेल्यावर कोणाच्याच कामाची राहत नाही. माणसाला ती फार उंच, फार उघडी आणि फार ओलसर वाटते. धान्य साठवावे तर भिंतीला लोणा लागलेला. गुरे बांधावीत तर गव्हाण गुराच्या मानेला उंच. मग आधी छताचे सागवान जाते, मागून दगड जातात, आणि उरते ती विटांची एक कंबरेइतकी ओळ, जिच्यावरून जाताना वाटसरू सहसा मान वळवत नाही.

तंजावरला हे विशेष जाणवते, कारण तेथील मराठी राज्य घोड्यावर बसून आले होते. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले तोवर, म्हणजे सुमारे एकशेऐंशी वर्षे, कावेरीच्या मुखप्रदेशात मराठी दौलत नांदली. कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्तेवरही जप्ती बसवली. कामाक्षीबाई राणीसाहेबांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली, हे सरकारचे राजकृत्य आहे, त्यात न्यायासनाला हात घालता येत नाही, असा निकाल दिला. अशा जप्तीत पुस्तकशाळा वाचू शकते, कारण पुस्तके खात नाहीत. घोड्याला मात्र दररोज चंदी लागते, आणि चंदी देणारा खर्चाचा धनी गेला की पागेचा प्रश्न पंधरवड्यात निकालात निघतो.

या प्रकरणात पागेकडे वास्तू म्हणून पाहायचे आहे. आणि त्यासाठी आरंभ करावा लागतो तो विटांपासून दूर, एका ताडपत्राच्या पोथीपासून. १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला जी पोथी दिली, तीत कौटिल्याचे अर्थशास्त्र सापडले, आणि आर. शामशास्त्री यांनी ते १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. त्यातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात अश्वशाळेची रचना इतकी नेमकेपणाने सांगितली आहे की आजच्या अभियंत्याने तीवरून नकाशा काढावा. शाळेची लांबी घोड्यांच्या संख्येवर ठरवावी. रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी. दरवाजे चार ठेवावेत. घोड्याला लोळण्यासाठी मध्ये मोकळी जागा राखावी. प्रत्येक घोड्याचे ठाण त्याच्या लांबीइतके चौरस, खाली गुळगुळीत फळ्या अंथरलेले, दाण्याची पेटी असलेले आणि मलमूत्राच्या निचऱ्याची सोय केलेले असावे. तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस. घोड्या, वळू आणि शिंगरे यांची जागा निरनिराळी. याखेरीज शाळेत माकडे, मोर, मुंगूस, चकोर, पोपट आणि साळुंक्या बाळगाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. वाचकाला हा राजेशाही षोक वाटेल. पण मोर-मुंगसाचे सापाशी वैर सर्वश्रुत आहे, आणि विषाची चाहूल लागताच पोपट-साळुंकी ओरडतात व चकोराचे डोळे बदलतात, ही त्या ग्रंथकाराची समजूत त्याने अन्यत्र नोंदवलेलीच आहे. म्हणजे ही पाखरे पागेच्या पहारेकऱ्यांतच मोडत होती.

या नियमांतील सर्वांत मोलाचा शब्द निचऱ्याचा आहे. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि आठ-दहा लिटर मूत्र सोडतो. शंभर घोड्यांची पाग धरली तर रोजची लीद दीड-दोन हजार किलोंच्या घरात जाते आणि मूत्र हजार लिटरांच्या आसपास. हे साचू दिले तर त्याच्या उग्र वाफेने घोड्याचे डोळे आणि फुप्फुसे बिघडतात, आणि ओल्यात उभे राहून खुराचा तळवा कुजतो. म्हणून पागेची जमीन कधीही सपाट नसते. ती ठाणाच्या पिछाडीकडे किंचित उतरती असते, आणि पिछाडीलगत लांबच लांब मोरी धावते. पडक्या इमारतीत ही मोरी आणि हा उतार सापडला, की वर काही उरलेले नसले तरी ही पाग होती असे म्हणावयास हरकत नाही. छत, कमानी, नक्षी यांवरून इमारतीचा काळ ठरतो. तिचा धंदा ठरतो तो मोरीवरून.

दख्खनच्या मराठ्याला मात्र अशी पक्की पाग बांधण्याची फारशी सवय नव्हती. शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था सभासदाने सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असा बंदोबस्त आहे. पखालजीच्या वाट्याला दिवसाकाठी सव्वासहाशे ते साडेसातशे लिटर पाणी येत असले पाहिजे, एवढे जाता जाता लक्षात घ्यावे. विहिरीपासून दूर पाग बांधणारा कारभारी त्या गरिबाचे शाप घेत असणार. हे लष्कर आठ महिने मुलूखगिरीवर असे आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत येई. तेथे दाणा, वैरण, औषधे यांची बेगमी आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार ठेवलेली असत. म्हणजे मराठी पाग ही मूळची हंगामी वास्तू. तिचे दोन शत्रू, अपव्यय आणि आग. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना महाराजांकडून जे पत्र गेले, त्यात दाणावैरण आताच उधळाल तर ऐन पावसात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, ही ताकीद तर आहेच. पण रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, हा बारकावाही आहे. आपल्याकडील पागेच्या बांधकामावरचे याहून व्यवहारी लेखन माझ्या वाचनात नाही.

ही हंगामी पाग घेऊन मराठे कावेरीकाठी आले, आणि तेथे ऋतूंचे पंचांगच उलटे निघाले. दख्खनमध्ये पाऊस ज्येष्ठात लागतो आणि आश्विनात ओसरतो. म्हणून दसऱ्याला शस्त्रे पुजून सीमोल्लंघन करावयाचे आणि कोरड्या वाटेने स्वारीवर निघावयाचे. तंजावरचा मुख्य पाऊस ईशान्येचा. तो आश्विनाच्या अखेरीस, म्हणजे नेमका दसऱ्याच्या पाठोपाठ लागतो आणि मार्गशीर्षापर्यंत कोसळतो. ज्या मुहूर्तावर पुण्या-साताऱ्याच्या पागेतून घोडी बाहेर पडत, त्याच मुहूर्तावर तंजावरची घोडी आत घ्यावी लागत. बाकीच्या काळातही सुख नव्हते. मुखप्रदेश म्हणजे पाटांनी विणलेली भातखाचरे. घोडा धावेल अशी कोरडी जमीन बांधापुरती. शिवाय साचलेल्या पाण्याकाठच्या गोमाश्या एक रोग घेऊन फिरतात. ‘सुर्रा’ या नावाने हिंदुस्थानभर माहीत असलेल्या त्या ज्वराचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईलखान येथे शोधला. त्याआधी कित्येक शतके तो दक्षिणेतही घोडी मारीत असला तर नवल नाही.

घोडा येथला नव्हेच; तो पाहुणा होता, आणि फार महाग पाहुणा होता. समुद्रमार्गे कावेरीच्या मुखाशी उतरणाऱ्या घोड्यांचा उल्लेख ‘पट्टिनप्पालै’ या संघकालीन तमिळ काव्यात आहे. चोळांच्या शिलालेखांत मलैमंडलातून, म्हणजे आजच्या केरळाकडून, आलेले ‘कुदिरै चेट्टी’, अर्थात घोड्यांचे सौदागर, भेटतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या किनाऱ्याचे वर्णन करताना लिहिले की येथील पाच राजे दरसाल प्रत्येकी दोन हजारांवर घोडी विकत घेतात आणि वर्षअखेर त्यांतली शंभरही जिवंत उरत नाहीत, कारण त्यांची निगा राखणारा जाणता मनुष्य येथे नाही, आणि परदेशी सौदागर असा मनुष्य येथे येऊ देत नाहीत. पोलोच्या आकड्यांना सौदागरी फुगवटा असेल. तथापि वस्साफ हा इराणी इतिहासकारही त्याच सुमारास वर्षाला दहा हजार घोड्यांचा आणि दर घोड्यामागे दोनशेवीस सोन्याच्या दीनारांचा हिशेब देतो. पुढे विजयनगरच्या साळुव नरसिंहाबद्दल फेर्नाव नूनिश हा पोर्तुगीज सांगतो की जहाजावर मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी राजा त्याची पुरी किंमत चुकती करी. शेपटीचेही दाम मोजावे लागत तेथे जिवंत घोड्याच्या डोक्यावर छप्पर घालताना चुन्याचा हिशेब कोण करणार?

म्हणून दक्षिणेत पक्की अश्वशाळा आणि गजशाळा ही राजधानीची शोभा झाली. हंपीची गजशाळा सर्वांना ठाऊक आहे: एका रांगेत अकरा कोठ्या, प्रत्येकीवर घुमट, आणि घुमटांचे आकार आळीपाळीने वेगळे. घोड्यांसाठी पाहावयाचे तर तंजावरच्या उत्तरेला, आजच्या विळुप्पुरम जिल्ह्यातील जिंजीकडे वळावे. हा किल्ला शिवछत्रपतींनी १६७७ साली घेतला. १६८९ ते १६९८ राजाराममहाराज तेथे राहिले आणि तंजावरच्या शहाजीराजांनी त्यांना मदत पुरवली. २०२५ साली युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. राजगिरीच्या पायथ्याच्या कोटात कल्याणमहालाचा मनोरा मजल्यावर मजले चढवीत उभा आहे, आणि त्याच्या परिसरात कमानदार कोठ्यांची एक लांब रांग आहे. तिला तबेला म्हणण्याचा प्रघात आहे; शिपायांच्या बराकी म्हणणारेही आहेत. प्रवासी दोन्ही ऐकतो आणि पुढे जातो.

परंतु असा वाद इमारतीलाच विचारून सोडवता येतो, आणि जिंजीपुरतेच नव्हे, कोठल्याही पडक्या कोटात हे प्रश्न विचारावेत. कोठीचे तोंड पुरे मोकळे आहे की दाराने आवळलेले? शिपायाला झोपताना आडोसा हवा, चूल हवी, कोनाड्यात दिवा हवा; घोड्याला हवी वारा खेळती ठेवणारी उंची, आणि दिवा तर चिपळूणच्या पत्राप्रमाणे वर्ज्यच. भिंतीत छातीच्या उंचीवर कडी अडकवल्याची भोके आहेत का? घोडा दोहोंकडून जखडला जातो. अगाडीच्या दोऱ्या पुढच्या खुंट्यांना, पिछाडीच्या मागच्या, म्हणून खुंट्यांच्या दोन समांतर ओळी जमिनीत सापडावयास हव्यात. दोन ठाणांमधले अंतर पाच-सहा फूट आणि लांबी नऊ-दहा फूट असेल तर ते माप घोड्याचे. हत्तीसाठी हेच माप दुपटीहून वर जाते आणि कडी दगडी फरशीतच रोवावी लागते. समोर अंगण आहे काय, जेथे मोतद्दार सकाळी घोडी आणून खरारा करील आणि चाबूकस्वार त्यांना फिरवील? पाणी किती पावलांवर? या प्रश्नांपैकी दोन-तीनच जुळले तर शंका ठेवावी. पाच-सहा जुळले तर बराकीचा दावा सोडून द्यावा.

आणि सर्वांत शेवटी भिंतीच्या तळाकडे पाहावे, कारण तेथे एक रासायनिक साक्षीदार बसलेला असतो. तंजावरचा प्रदेश गाळाचा. दगड लांबून आणावा लागतो, म्हणून मंदिरांखेरीज बहुतेक बांधकाम पातळ भाजक्या विटांचे आणि चुन्याचे. वीट पाणी शोषते, चुना त्याला वाट देतो. पागेच्या जमिनीत वर्षानुवर्षे मुरलेल्या मूत्रातील नत्रद्रव्यावर मातीतील सूक्ष्म जंतू काम करतात. त्याचे प्रथम अमोनिया आणि नंतर नत्राम्लाचे क्षार होतात. हे क्षार ओलाव्याबरोबर भिंतीत हातदोन हात वर चढतात आणि पाणी उडून गेले की विटेच्या छिद्रांत स्फटिकरूपाने फुलतात. फुलताना ते विटेला आतून फोडतात. म्हणून पडक्या पागेची भिंत वरून धड आणि खालून कुरतडलेली दिसते; सामान्य घराच्या भिंतीचा क्रम बहुधा याच्या उलट, कारण ती पावसाने वरून झिजते. हाच पांढरा फुलोरा म्हणजे सोऱ्याचे कच्चे रूप. युरोपात तर सोरा काढणारे सरकारी लोक लोकांच्या तबेल्यांची जमीन हक्काने खणीत आणि त्यापासून बंदुकीची दारू करीत. इंग्लंडात हा जाच लोकांनी सतराव्या शतकापर्यंत सोसला. घोड्याने स्वार वाहिला आणि वर दारूही पुरवली. मोबदल्यात त्याच्या घराच्या भिंती तेवढ्या ढासळल्या.

तंजावरच्या पागेचे लष्करी प्रयोजन संपले ते १७९९ च्या तहाने. दुसऱ्या सरफोजीराजांनी त्या वर्षी ऑक्टोबरात मुलखाचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, राजवाडा, एक लक्ष होनांचा तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. फौज नाही तेथे बारगीर नाही, आणि शिलेदार तर नाहीच. पाग मात्र उरली, कारण मिरवणूक, शिकार आणि स्वतः राजाची हौस उरली होती. कलकत्त्याचे बिशप हेबर १८२६ च्या मार्चमध्ये तंजावरला आले तेव्हा लाव्हाझिए, लिनीयस आणि बुफाँ यांचे दाखले तोंडपाठ देणारा हा राजा पाहून ते थक्क झाले. त्याच दमात त्यांनी हेही लिहून ठेवले की आसपासचे इंग्रज अधिकारी या राजाला घोड्याचा खरा पारखी मानतात. रसायन जाणणारा आणि घोडा जाणणारा हा एकच मनुष्य होता, हे विसरता कामा नये. त्याच्या धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चाले, आणि त्याच्या सरस्वती महालात अश्वशास्त्राच्या पोथ्या जमत. त्यांतील नकुलाच्या नावावर असलेले सचित्र अश्वशास्त्र ग्रंथालयाने १९५२ साली छापले. घोड्याचे रंग, शुभाशुभ भोवरे, वयाच्या खुणा, चाली असा त्या परंपरेचा विषय. छातीवर देवमण असलेला घोडा धन्याला लाभतो, हे मराठी शिलेदार मानीत तेही त्याच विद्येचे घरगुती रूप. पोथीला सुकी जागा आणि वाळवीपासून राखण एवढेच लागते. म्हणून विटांची पाग गेली आणि कागदावरची राहिली.

फ्रान्समधील शांतिई येथे एका सरदाराने १७१९ पासून दोनशेचाळीस घोड्यांसाठी राजवाड्यालाही लाजवील असा तबेला बांधवला. मृत्यूनंतर आपण घोड्याच्या जन्माला येणार अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने आपल्या इतमामाला साजेशी सोय आधीच करून ठेवली, अशी आख्यायिका आहे. पुनर्जन्माचा सिद्धांत आमचा, आणि त्यावरून बांधकाम मात्र फ्रेंचांनी काढले! तंजावरकरांनी अधिक टिकाऊ तोड काढली: त्यांनी घोडाच दगडाचा केला.

ही तोड त्यांना शेजारीच सापडली. कुंभकोणमजवळच्या दारासुरम येथे बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या ऐरावतेश्वराच्या मंदिरात एका मंडपाला चाके काढली आहेत आणि पायऱ्यांलगत घोडे जुंपले आहेत, जणू सारा मंडपच ओढून नेला जात आहे. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी १८०२ साली मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावे जे छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, बांधले, त्याच्या जोत्याला हाच रथाचा आकार दिला आहे. चाके आहेत, हत्ती आहेत, घोडे आहेत. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी राजांनी अशी छत्रे ठिकठिकाणी चालवली. मुलूख गेल्यावरही ती चालावीत म्हणून १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून त्यांचा बचाव केला. मुलूख सोडताना राजाने छत्रांसाठी हट्ट धरला, यावरून त्याचा अभिमान कोठे वसत होता ते कळते.

या दगडी घोड्यांना ठाण नाही, गव्हाण नाही आणि मोरीचीही आवश्यकता नाही; ईशान्येचा पाऊस त्यांच्या पाठीवरून ओघळून जातो. शिल्पकाराने मात्र त्यांना जुंपलेले दाखवले आहे, मोकळे नव्हे, आणि हा तपशील पागा पाहिलेल्या माणसाचा आहे. छत्राची इमारत पुढे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली, काही भाग ढासळला, आणि छत्रांच्या मिळकतींचा कारभार आजही तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतो. त्याच ओरत्तनाडूत २०१२ साली तमिळनाडू सरकारने पशुवैद्यक महाविद्यालय सुरू केले. तेथे रोज येणारे रुग्ण बहुतांशी गाई आणि शेळ्या.